चित्रकोड्यातला ‘टाकू का?’

मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी करण्यासारखं फार काही नसतं. अकरा वाजले की दारं-खिडक्या लावायच्या, पडदे ओले करायचे आणि पंखा गरम हवा फिरवतोय ते ऐकत पडून राहायचं. भावाची मुलं सुट्टीला आली की ह्या वेळेवर आमच्या घरी एक उतारा ठरलेला आहे: चौकटीच्या कागदावरची चित्रकोडी. कडेला आकडे दिलेले असतात, त्यावरून घरं काळी करत जायची आणि शेवटी चित्र उमटतं. कोणी त्याला नोनोग्रॅम म्हणतं, मोबाइलवर खेळणारी मुलं पिक्रॉस म्हणतात.

मोठा भाचा हुशार आहे, पण घाईचा. कोडं निम्मं झालं की त्याची पेन्सिल थबकते आणि ठरलेला प्रश्न येतो, “आत्या, इथं फिफ्टी-फिफ्टी आहे. टाकू का?”

हा लेख त्या ‘टाकू का?’चं उत्तर आहे. ते लांबलं, कारण त्या दोन शब्दांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तिन्हींना आपण ‘अंदाज’ हे एकच नाव देतो.

आधी खेळ माहीत नसलेल्यांसाठी नियम. प्रत्येक आडव्या रांगेच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या रकान्याच्या वर आकडे असतात. ‘४ २’ असं लिहिलं असेल तर त्या रांगेत आधी सलग ४ काळी घरं, मग किमान एक रिकामं घर, मग सलग २ काळी घरं. आकड्यांचा क्रम बदलत नाही. गटांच्या मध्ये किती मोकळी जागा आहे ते सांगितलेलं नसतं, आणि सगळी गंमत त्या न सांगितलेल्या जागेत आहे. नियम संपले.

कोडं जपानचं. १९८७ मध्ये नोन इशिदा ह्या ग्राफिक डिझायनरबाईंनी टोकियोतल्या एका स्पर्धेत उंच इमारतीच्या खिडक्यांमधले दिवे चालू-बंद ठेवून चित्रं दाखवली. साधारण त्याच सुमारास तेत्सुया निशियो ह्यांनी स्वतंत्रपणे असलीच कोडी रचली होती. १९९० पासून ब्रिटनमधल्या ‘द संडे टेलिग्राफ’मध्ये ती दर आठवड्याला येऊ लागली, आणि नोन ह्या नावावरूनच ‘नोनोग्रॅम’ झालं. १९९५ मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओज् पिक्रॉस’ काढला आणि कागदावरचं कोडं हातातल्या खेळण्यात गेलं.

आमच्या घरात मात्र हा प्रकार उलट्या दिशेने आधीपासून होता. बाबा चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. मोर, कमळ, वेलबुट्टी आधी चौकटीच्या कागदावर घरं रंगवून उतरवायची, मग त्या कागदावरून जकार्ड मागाची कार्डं पंच व्हायची. ग्राफची एक आडवी रांग म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेक. कार्डाला भोक असेल तर हुक ताण्याचा उभा धागा उचलतो, नसेल तर धागा खालीच राहतो. जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवलेली ही रीत आमच्या साखर पेठेत, भवानी पेठेत रोजच्या पोटापाण्याची होती. चुकीचं भोक पडलं तर ती चूक कापडात एकदाच दिसत नाही. नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ती मोराच्या मानेवर बसून येते. त्यामुळे बाबा घर रंगवताना ‘बहुतेक’ हा शब्द चालवून घेत नसत. कोड्याला बसले की आजही नाही.

कागद, पेन्सिल आणि फुली

पेन्सिल एचबी घ्या, खोडरबर हाताशी ठेवा, पण खोडरबर लागलं तर कुठेतरी चुकलं असं समजा. पेनने सोडवणं ही शेखी आहे, तिची गरज नाही.

काळं घर भरताना सगळे काळजी घेतात. रिकाम्या घरावर फुली मारायचा मात्र नवशिक्यांना कंटाळा येतो. “ते तर रिकामंच आहे, खूण कशाला?” कारण कोऱ्या घराचे दोन अर्थ असतात: ‘इथे काही नाही हे मला माहीत आहे’ आणि ‘इथलं मला अजून काही माहीत नाही’. दोन्ही कोरेच ठेवले तर दहा मिनिटांनी तुम्हीच तुमचा कागद वाचू शकत नाही. माझा अनुभव असा की ‘आता अंदाजच करावा लागणार’ म्हणून अडकलेल्या दहातल्या निदान सहा कागदांवर फक्त फुल्या राहिलेल्या असतात. फुल्या मारल्या की वाट दिसते.

पहिलं काम: बेरीज

कोडं हातात आलं की चित्र शोधू नका. प्रत्येक रांगेची बेरीज करा: सगळे आकडे, अधिक मधल्या मोकळ्या घरांसाठी आकड्यांच्या संख्येपेक्षा एक कमी. ही त्या रांगेची कमीत कमी गरज. रांगेच्या लांबीतून ती वजा केली की उरते ती ‘शिल्लक’, म्हणजे गटांना इकडे-तिकडे सरकायला मिळणारी जागा.

१५ घरांची रांग आहे, आकडे ४ ५ २. बेरीज ११, मधली दोन मोकळी घरं धरून १३. शिल्लक २. आता नियम एका वाक्याचा: जो गट शिलकेपेक्षा मोठा, त्याची (गट वजा शिल्लक) एवढी घरं आत्ताच नक्की होतात. ४ च्या गटाची २, ५ च्या गटाची ३, आणि २ च्या गटाचं एकही नाही.

कोणती, ते असं काढायचं. सगळे गट डावीकडे दाबून बसवा: १ ते ४, ६ ते १०, १२-१३. मग सगळे उजवीकडे दाबा: ३ ते ६, ८ ते १२, १४-१५. पहिला गट दोन्ही वेळा ३ आणि ४ वर आहे. दुसरा गट दोन्ही वेळा ८, ९, १० वर. ही पाच घरं बिनधास्त काळी करा.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात सगळेच एकदा पडतात. सहावं घर बघा. डावीकडे दाबल्यावर ते काळं होतं, उजवीकडे दाबल्यावरही काळं होतं. मग भरायचं? नाही. डावीकडच्या मांडणीत ते दुसऱ्या गटाचं आहे आणि उजवीकडच्या मांडणीत पहिल्या गटाचं. मधली मांडणी करून पाहा: पहिला गट २ ते ५, दुसरा ७ ते ११. सहावं घर रिकामं राहिलं! बाराव्या घराचीही तीच गत. दोन्ही मांडणींत एकाच गटाने व्यापलेलं घर तेवढं पक्कं. भाच्याला हे समजावताना मी गटांना रंग दिले. पहिला लाल, दुसरा हिरवा. लालावर लाल आला तरच भरायचं. धाकटीला ते पहिल्या फटक्यात कळलं. मोठ्याने आधी दोन कोडी बिघडवली, मग मान्य केलं.

एकच मोठा आकडा असेल तर काम आणखी सोपं. १५ च्या रांगेत ९ असेल तर शिल्लक ६, मधली ३ घरं नक्की: ७, ८, ९. १५ च्या रांगेत ७ असेल तर शिल्लक ८, हाती काही नाही. ती रांग नंतरसाठी ठेवा. म्हणून सुरुवात नेहमी कमी शिलकेच्या रांगांपासून. लहान लहान आकड्यांची लांबलचक माळसुद्धा फसवी असते: १३ घरांत १ १ १ १ १ १ १ म्हणजे शिल्लक शून्य, अख्खी रांग एका दमात. आमच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, शेजारी शेजारी, मध्ये एकेक घर सोडून उभे केले तर अगदी तेवढीच जागा लागते.

दुसरं काम: मिळालेल्या घराचा हात कुठवर पोचतो

पहिल्या फेरीत काही घरं काळी झाली. आता आडव्या रांगेतून मिळालेलं घर उभ्या रकान्यात वाचायचं आणि उलट. इथे चार-पाच युक्त्या वारंवार लागतात. सगळ्या १० घरांच्या रांगेवर सांगते.

आकडा ४ आणि तिसरं घर काळं आहे. गट १ ते ४, २ ते ५ किंवा ३ ते ६, एवढंच शक्य. म्हणजे चौथं घर नक्की काळं आणि ७ ते १० वर फुल्या. काळं एकच मिळालं, फुल्या चार. त्या चार फुल्यांनी चार रकाने पुढे सरकतात, आणि हीच गोष्ट घाईच्या माणसाला दिसत नाही.

पहिला आकडा ४ आणि दुसरं घर काळं. गट एक किंवा दोनपासून सुरू होतो. म्हणून २, ३, ४ काळी. पाचवं आणि सहावं अजून अनिश्चित.

आकडे २ २, चौथं आणि सहावं घर काळं. पाचवं भरलं तर तीनचा गट होतो, तो चालत नाही. पाचव्यावर फुली. मग चौथ्याचा जोडीदार तिसराच आणि सहाव्याचा सातवाच. रांग पूर्ण.

आकडे ३ २ आणि तिसऱ्या घरावर आधीच फुली. डावीकडे दोनच घरं उरली, त्यात ३ मावत नाही. २ मावतो, पण तो ३ च्या आधी येऊ शकत नाही. म्हणून १ आणि २ वरही फुल्या. उरली सात घरं, गरज सहाची, शिल्लक एक. आता पुन्हा पहिलं काम: ५, ६ आणि ९ काळी. फुलीने रांग आखूड केली, आखूड रांगेने शिल्लक कमी केली, शिलकेने काळी घरं दिली. कोडं असंच सुटत जातं.

रांगेतले सगळे आकडे झाले की उरलेल्या घरांवर लगेच फुल्या मारा. नंतर मारू म्हणालात की राहतात.

एक पणती, सुरुवातीपासून

चौकटीच्या वहीत सात बाय सातचा चौकोन आखा. आडव्या रांगांचे आकडे वरून खाली: १, २, ३, १ १ १, ७, ५, ३. उभ्या रकान्यांचे डावीकडून उजवीकडे: २, २, २ ३, ७, १ ३, २, २. दोन्हीकडची बेरीज २४ येते. (कोडं स्वतः उतरवून घेतलं असेल तर ही बेरीज आधी करा. जुळली नाही तर उतरवण्यात चूक आहे, आणि तसलं कोडं तासभर सोडवल्याचं दुःख वेगळं असतं.)

पाचवी रांग ७: सगळी काळी. चौथा रकाना ७: सगळा काळा.

आता कडेचे चार रकाने बघा: पहिला, दुसरा, सहावा, सातवा. प्रत्येकात आकडा २, आणि पाचवं घर काळं झालंय. जोडीदार चौथा किंवा सहावा. म्हणजे ह्या चारही रकान्यांत १, २, ३ आणि ७ वर फुल्या. सोळा फुल्या एका विचारात!

तिसऱ्या रांगेत मधली तीनच घरं उरली आणि आकडा ३. भरा. सातव्या रांगेतही तसंच. पहिल्या रांगेत १, तो चौथ्या रकान्यात आहेच, बाकी फुल्या. तिसऱ्या रकान्यात वरच्या घरावर फुली आली, खाली सहा घरं उरली आणि २ ३ ची गरज सहाच: २-३ काळी, चौथ्यावर फुली, ५-६-७ काळी. त्यामुळे दुसऱ्या रांगेचे दोन झाले, तिथे पाचव्या रकान्यावर फुली. चौथ्या रांगेत मधलं घर एकट्याचा गट आहे, म्हणून त्याच्या उजवीकडे पाचव्या रकान्यातही फुली. पाचव्या रकान्यात १ ३: तिसरं घर झालंय, चौथ्यावर फुली, खाली ५-६-७.

कागद आता असा दिसतो. ठिपका म्हणजे अजून माहीत नाही:

× × × ■ × × ×
× × ■ ■ × × ×
× × ■ ■ ■ × ×
· · × ■ × · ·
■ ■ ■ ■ ■ ■ ■
· · ■ ■ ■ · ·
× × ■ ■ ■ × ×

आठ ठिपके उरले. कोणतीही एक रांग किंवा एक रकाना घ्या, त्याच्या एकट्याच्या आकड्यांवरून आता एकही घर नक्की होत नाही. करून पाहा. पहिल्या रकान्यात जोडीदार वर की खाली? दोन्ही चालतं. सहाव्या रांगेतला ५ चा गट १ ते ५, २ ते ६ की ३ ते ७? तिन्ही चालतं. चौथ्या रांगेत डावीकडच्या दोन घरांत एक आणि उजवीकडच्या दोनांत एक काळं, इतकंच कळतं.

भाच्याची पेन्सिल नेमकी इथे थांबली. “टाकू का?”

“काय टाकणार?”

“चौथ्या रांगेत पहिलं घर. पणती आहे ना, कोपरे वरच असणार.”

त्याने टाकलं. आणि बरोबर निघालं! वाईट गोष्ट हीच झाली. पलंगावर पडलेल्या बाबांनी डोळे न उघडता विचारलं, “का बरं तिथंच?” पोराला सांगता येईना.

तीन वेगळ्या गोष्टी, एक नाव

त्या आठ ठिपक्यांपाशी तीन माणसं तीन प्रकारे पुढे जातील.

पहिला माणूस टाकतो. चित्र ओळखू आलं, हात शिवशिवला, घर भरलं. आठ ठिपक्यांच्या कोड्यात हे खपून जातं, कारण चुकलं तरी दोन पावलांत कळतं. २० बाय २० मध्ये चूक कळते तेव्हा तिच्या जिवावर ऐंशी घरं भरून झालेली असतात, आणि त्यातली खरी कुठली, उसनी कुठली हे सांगायला कागदावर काहीच खूण नसते. मग सगळं खोडा. चित्र ओळखण्यातला धोकाही ह्याच पणतीत आहे. ज्योत दोन्ही बाजूंनी सारखी असणार असं धरून दुसऱ्या रांगेत पाचव्या रकान्यातलं घर भरलंत, तर गेलात. ज्योत डावीकडे झुकलेली आहे, खिडकीतून वारा आल्यासारखी. रचणारी माणसं असली खोड मुद्दाम काढतात.

दुसरा माणूस पडताळतो. तो म्हणतो, सहाव्या रांगेतला गट १ ते ५ वर आहे असं क्षणभर धरू. मग पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांतले जोडीदार सहाव्या रांगेत गेले. म्हणजे चौथ्या रांगेत डावीकडची दोन्ही घरं रिकामी. पण तिथे एक काळं हवंच होतं. अडलं. म्हणून १ ते ५ शक्य नाही. ३ ते ७ धरलं तर उजवीकडे हाच तिढा. उरलं २ ते ६. ह्यात अंदाज कुठेच नाही. त्याने काहीतरी खरं मानलं, पण ते मोडण्यासाठी.

तिसरा माणूस बघत बसतो. चौथ्या रांगेत डावीकडच्या दोन घरांपैकी नेमकं एक काळं. दोन्ही रकान्यांचा जोडीदार वर नाहीतर खाली. मग वर एक असेल तर खालीही नेमकं एकच. आणि सहाव्या रांगेत एकच असेल तर ते मधल्या गटाला चिकटलेलंच असणार, म्हणजे दुसऱ्या रकान्यातलं. झालं! त्याने काहीच धरलं नाही, मोडलंही नाही. फक्त दोन रकाने एकत्र मोजले. उजवीकडेही तसंच, आणि पणती पूर्ण:

× × × ■ × × ×
× × ■ ■ × × ×
× × ■ ■ ■ × ×
■ × × ■ × × ■
■ ■ ■ ■ ■ ■ ■
× ■ ■ ■ ■ ■ ×
× × ■ ■ ■ × ×

दुसरा आणि तिसरा माणूस दोघेही हिशेबाने गेले. तिसऱ्याची वाट देखणी आहे, पण ती सुचावी लागते. दुसऱ्याची वाट कुणालाही शिकता येते, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश बघू.

पडताळणी कशी करायची

आधी खात्री करा की खरंच अडलंय. सगळ्या रांगा आणि सगळे रकाने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, राहिलेल्या फुल्या मारा, आखूड झालेल्या रांगांची शिल्लक पुन्हा काढा. ही फेरी कंटाळवाणी आहे. पण बहुतेक वेळा अडथळा इथेच सुटतो आणि पुढचं काही लागत नाही.

खरंच अडलं असेल तर घर निवडा. कुठलंही नको. असं घर निवडा जिथे दोनपैकी एक उत्तर लवकर मोडेल. कडेच्या रांगा त्यासाठी उत्तम: कडेला एक घर काळं मानलं की आकड्यामुळे अख्खा गट ठरतो, आणि तो गट एका झटक्यात पाच-सहा रकान्यांना प्रश्न विचारतो. एखाद्याने तरी ‘नाही’ म्हटलं की काम झालं. कोड्याच्या मध्यभागी, भरपूर शिलकेच्या रांगेत पडताळणी करू नका. तिथे काहीच मोडत नाही, नुसता पसारा वाढतो.

मग धरा. कागदावर बारीक ठिपक्यांनी किंवा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने, पक्क्या घरांपेक्षा वेगळं दिसेल असं. मोबाइलवर बहुतेक ॲपमध्ये तात्पुरत्या खुणेची सोय असते, ती वापरा. साखळी पाच-सहा पावलांपेक्षा लांब नेऊ नका.

आता तीन शक्यता. एक, कुठेतरी अडलं. मग धरलेल्या गोष्टीच्या उलट तेवढं पक्कं. ते गडद करा आणि बाकी सगळे ठिपके पुसा. दोन, अडलं नाही. इथेच खरी परीक्षा आहे. पाच पावलं गेलो, सगळं सुरळीत चाललंय, ‘म्हणजे बरोबरच असणार’ असं वाटतं. नाही! अजून मोडलं नाही, इतकंच कळलंय. ठिपके पुसा, उलट बाजू धरून पाहा, नाहीतर दुसरं घर निवडा. हे ठिपके गडद केलेत की तुम्ही पहिल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसलात, नुसता हिशेबाचा आव आणून. तीन, सगळ्यात गोड प्रकार: काळं धरून पाहिलं, रिकामं धरून पाहिलं, दोन्ही मोडली नाहीत, पण दोन्हींमध्ये भलतंच एखादं तिसरं घर काळं झालं. ते तिसरं घर पक्कं. मूळ घराचं अजून काही ठरलेलं नाही आणि तरी पुढे जायला वाट मिळाली.

बाबांना ठिपक्यांचीही गरज पडत नाही, ते बोटांवर धरतात. डाव्या हाताचं बोट धरलेल्या घरावर, उजव्या हाताचं पुढे सरकणारं. दोन बोटांत मावत नाही ती साखळी ते हाती घेत नाहीत.

पण काही वेळा अंदाज लागतोच ना?

हा प्रश्न रास्त आहे. १९९६ मध्ये उएदा आणि नागाओ ह्या जपानी संशोधकांनी सिद्ध केलं की ही कोडी ‘एनपी-कम्प्लीट’ ह्या अवघड वर्गात मोडतात. साध्या भाषेत, आकार कितीही वाढला तरी झटपट उत्तर देईल अशी हमखास रीत कुणाच्या हाती नाही. म्हणून संगणकसुद्धा अवघड कोड्यात एक शक्यता धरतो, अडलं की मागे येतो, दुसरी धरतो. तो लाखो वेळा मागे येऊ शकतो. आपण पंख्याखाली बसून तीन वेळा मागे आलो की डोकं दुखतं.

पण ही गोष्ट सगळ्या शक्य कोड्यांची झाली. माणसांसाठी नीट रचलेलं कोडं बेरीज, फुल्या आणि फार तर आखूड पडताळणीने सुटावं अशी रचणाऱ्यावर जबाबदारी असते. उत्तर एकच असावं ही तर किमान अट. कोड्याला दोन उत्तरं असतील तर तिथे जगातल्या कुठल्याही तर्काने पुढे जाता येत नाही. तिथे अंदाज लागतो, पण तो दोष सोडवणाऱ्याचा नाही.

अंदाजाने पूर्ण झालेल्या कोड्याबद्दलही एक सांगायला हवं. सगळे आकडे जुळले म्हणजे तुम्हाला एक उत्तर मिळालं. ते एकमेव आहे हे कळलेलं नसतं. हिशेबाने आलेला माणूस दोन्ही गोष्टी घेऊन येतो, कारण त्याने बाकीच्या शक्यता वाटेतच बाद केलेल्या असतात.

दोन उत्तरं कशी होतात ते आम्हाला घरातच कळलं. भाच्याने सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः दहा बाय दहाचं कोडं रचलं. मध्ये पतंग, चारी बाजूंची कडेची घरं रिकामी, फक्त वर डाव्या कोपऱ्यात एक चांदणी आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक. आकडे नीट मोजून लिहिले, वरचं चित्र दुमडून झाकलं आणि कागद आजोबांच्या हातात दिला. बाबांनी वीस मिनिटांत सोडवला. चांदण्या वर उजवीकडे आणि खाली डावीकडे.

“आजोबा, चुकलं तुमचं!”

“आकडे बघ की.”

त्याने आकडे बघितले. वरच्या रांगेत १, खालच्या रांगेत १, पहिल्या रकान्यात १, शेवटच्यात १. दोन्ही चित्रांना तंतोतंत लागू. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घरं उरलेल्या दोन कोपऱ्यांत नेली तरी आकड्यांना पत्ता लागत नाही. स्वतः कोडी रचणाऱ्यांनी असे सुटे चौकोन आधी शोधावेत. ते कडेलाच असतील असं नाही, मध्येही लपतात. चौकड्याच्या नक्षीत तर हमखास.

पोरगं बराच वेळ कागदाकडे बघत बसलं. मग पेन्सिल उचलून त्याने वरच्या उजव्या कोपऱ्यात तिसरी चांदणी काढली, वरच्या रांगेचा आणि शेवटच्या रकान्याचा आकडा १ १ केला आणि सगळे रकाने पुन्हा मोजले. आजोबांकडे कागद सरकवताना मात्र बोट त्या नव्या चांदणीवरून हलेना.

“ही का काढली ते विचारा ना.”